पिठाचा खांदा

३ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझ्या नवऱ्याला, यांकोला, जाऊन चार वर्षं झाली. सकाळी चर्चमध्ये त्याच्या नावानं प्रार्थना ठेवली होती. बर्फामुळे माणसं बेताचीच. मिरानचं छपरांचं काम बंद असल्यानं तो आला, हे बरं झालं. एरवी माझा मुलगा चर्चमध्ये येतो ते फक्त छप्पर गळायला लागलं की.

परत येऊन बीफचं सूप केलं, घरच्या शेवया घालून. यांकोची खुर्ची मी भिंतीला लावून ठेवलेली असते. मिराननं ती ओढली आणि बसला. खुर्ची बसायलाच असते.

जेवताना तो मुठीनं छातीच्या मधोमध चोळत होता. यांको अगदी तसाच चोळायचा.

“काय रे, दुखतंय?”

“नाही गं. सूप गरम आहे.”

सूप निवलेलं होतं. मीच चाखून वाढलं होतं.

मिरान आता पंचेचाळीसचा झाला. यांको त्रेसष्टाव्या वर्षी गेला, याच टेबलाशी, चमचा हातात धरून. त्याच्या आधीच्या शरदात डॉक्टरांनी त्याचं कोलेस्टेरॉल बघून पाठीवर थाप मारली होती. तो आकडा यांकोनं महिनाभर अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवला. लॉटरी लागलेला माणूस फिरतो तसा फिरत होता. मग आकडा चांगला असताना माणूस गेला कशानं, हे मला कोणी नीट सांगितलं नाही. ‘हृदय’ म्हणाले. ते मलाही दिसत होतं.

९ फेब्रुवारी, बुधवार

वाचनालयात दुपार गेली. मी आठवीनंतर शाळेत गेले नाही, पण वाचायला कोणी अडवत नाही. तिथल्या बाईला आता माझी सवय झालीय. मी दिसले की ती हृदयाच्या कपाटाकडे हात दाखवते.

आज एका मासिकात मोठा लेख सापडला. दोनदा वाचला. समजलं ते इथं लिहून ठेवते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई. त्यांच्यापाशी एक विकर असतो. विकर म्हणजे शरीरातली कामं भराभर उरकून देणारा पदार्थ. हा विकर काय करतो, तर रक्तातल्या मिठापासून चक्क ब्लीच बनवतो. आपण कपड्यांना घालतो तेच. ते जंतूंवर ओतून त्यांना मारायचं, हे त्याचं काम. विकराचा रंग हिरवा, जखमेतल्या पुवाला हिरवट झाक येते ती त्याचीच. पण रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साठून दाह सुरू झाला, की हे शिपाई तिथं शिरतात आणि शत्रू नसतानाही ब्लीच ओतत राहतात. चांगलं कोलेस्टेरॉलसुद्धा त्यानं बिघडतं. जोडीला दुसरे विकर असतात, ते चरबीवरचं झाकण कुरतडून पातळ करतात. एक दिवस ते फाटतं, तिथं गुठळी होते आणि रस्ता बंद. वाहिनी आधी फार अरुंद झालेली असलीच पाहिजे असंही नाही.

हे वाचून मी चष्मा काढून बसले. अठ्ठावीस वर्षं मी चर्चच्या वेदीची वस्त्रं धुतेय. ब्लीच काय करतं ते मला कोणी सांगायला नको. कापड पांढरंशुभ्र दिसतं, घडी घालताना हाताला छान लागतं, आणि एका रविवारी पाद्रीबाबा ते उलगडतात तेव्हा घडीवरच चिरतं. वरून बघून काही कळत नाही.

टेकडीवरच्या मोठ्या रुग्णालयात हा विकर रक्तात किती आहे ते मोजतात, असं शेवटी लिहिलंय. मिरानला पाठवायचं.

१३ फेब्रुवारी, रविवार

नाही म्हणाला.

“माझं कोलेस्टेरॉल चांगलंय, आई.”

“तुझ्या बापाचंही होतं.”

“मग आता हे नवीन काय? ब्लीच? माझ्या रक्तात?”

“सगळ्यांच्याच असतं. किती आहे ते बघायचं.”

“आई, मी दिवसभर डांबर हुंगतो, सिगरेट ओढतो. ब्लीचनं उलट जरा साफसफाई होईल.”

मी हसले नाही. मग त्यानं ताटातला बटाटा माझ्या ताटात सरकवला. लहानपणी मी रागावले की हेच करायचा. मी तो खाल्ला, पण रागावलेलीच राहिले.

जाताना दारात म्हणाला, “तू जरा दमल्यासारखी दिसतेस.”

“विषय बदलू नकोस.”

२१ फेब्रुवारी, सोमवार

रात्रीत पुन्हा गुडघाभर बर्फ. दारापासून फाटकापर्यंतची वाट मीच मोकळी केली. थंडीनं खालचा दात ठणकायला लागला, डाव्या बाजूचा. आत येऊन लवंगेचं तेल लावलं आणि बसले, तोवर थांबलासुद्धा. वय झालं की दात थंडी ओळखायला लागतात.

खिडकीशी बसून यांकोच्या शेवटच्या शरदाची आठवण काढत होते. इतकी वर्षं चर्चला जाताना तो माझ्यापुढे ढांगा टाकत चालायचा आणि मी मागून ओरडायची. त्या शरदात मात्र तो माझ्या बरोबरीनं चालायला लागला. नुसता चालायचा नाही, दर चार घरांनी थांबायचा. रेल्वेपुलाच्या चढावर तर तीनदा. “श्टेफका, या घरात कोण राहायचं आठवतं?” आणि मग सांगत बसायचा. इथं झेले खाटीक, त्याची बायको सॉसेजमध्ये इतका लसूण घालायची की मांजरसुद्धा दुसऱ्या गल्लीत जायचं. इथं ते दोघे भाऊ, एका अकॉर्डियनवरून भांडले आणि एकाच घरात बारा वर्षं अबोला धरून राहिले. मला यातलं निम्मं माहीत होतं, तरी ऐकायला गोड वाटायचं. प्रार्थनेला रोज उशीर व्हायचा. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत जेवढं बोलला नसेल तेवढं तो त्या तीन महिन्यांत बोलला. माझ्यापाशी त्याचं तेवढंच शिल्लक असतं तरी मला पुरलं असतं.

८ मार्च, मंगळवार

पुस्तचा सण. उद्यापासून उपवासाचे चाळीस दिवस, म्हणून आज क्रोफी तळल्या. मैद्याच्या फुगीर, आत जर्दाळूचा मुरंबा. निम्म्या तळून झाल्यावर बसावं लागलं. पूर्वी शंभर तळून वर नाचायला जायची. मेंढीची कातडी पांघरून, कमरेला घंटा बांधून पोरं हिवाळा हाकलायला निघतात, त्यांच्या पुढे यांको वाजवत असायचा. बटणांची अकॉर्डियन, जर्मन बनावटीची, त्याच्या बापानं आणलेली.

शेवटच्या वर्षी तिचा पट्टा त्याला डाव्या खांद्यावर बोचायला लागला. मी आतून लोकरी नमद्याची गादी शिवून दिली. “कसं वाटतंय?” विचारलं की म्हणायचा, “चाललंय.” त्याचं सगळ्याला हेच उत्तर. कारखाना बंद पडला तेव्हाही चाललंय, आई वारली तेव्हाही चाललंय. समुद्रापलीकडून इथं येऊन वसलेल्या आमच्या लोकांत हेच बोलायची रीत आहे. याहून जास्त सांगितलं तर समोरच्याला वाटतं, हा आता काहीतरी मागणार.

मिरानला क्रोफींचा डबा दिला. चाचणीचं पुन्हा काढलं. म्हणाला, “ईस्टर होऊ दे.” म्हणजे नाही.

१६ मार्च, बुधवार

चर्चच्या तळघरात पोतित्सांचं काम सुरू झालं. ईस्टरसाठी शहरभरातून मागणी येते, उपनगरांत गेलेले आपले लोकसुद्धा घ्यायला येतात. मोठ्या टेबलावर चादर अंथरायची, वर पीठ लाटायचं, आणि मग चौघी-पाचजणींनी चारी बाजूंनी हाताच्या पाठी खाली घालून ते ताणत न्यायचं, चादरीवरची फुलं आरपार दिसेपर्यंत. मग अक्रोडाचं सारण पसरायचं, गुंडाळायचं आणि पावासारखं भाजायचं. हे पीठ घाईनं ताणलं तर फाटतं, आणि थांबलं तर आक्रसतं. म्हणून एकदा हात घातले की कोणी मध्ये सोडून जायचं नाही, ही रीत. माझी आई तापातसुद्धा उभी राहिली होती.

दुसऱ्या पिठाला माझा डावा खांदा भरून आला. तिथून दंडात उतरला. घाम फुटला. पेप्का माझ्या समोरच उभी होती. आम्ही एकाच वर्गात होतो, तेव्हापासून ती माझ्या चुका मोजतेय.

“ए श्टेफका, तुझी बाजू जाड राहतेय.”

“खांदा धरलाय.”

“कुणाचा नाही धरला? हा पिठाचा खांदा आहे. माझाही गेलाय, अँजेलाचाही गेलाय. तुझा काय सोन्याचा आहे?”

सगळ्या हसल्या. मीही. दरवर्षी या दिवसांत प्रत्येकीला पिठाचा खांदा होतो. नवीन आलेलीला झाला की आम्ही म्हणतो, आता तू आमच्यातली. अँजेलानं अर्निकाची औषधी फुलं घातलेल्या ब्रँडीची बाटली आणली होती. सगळ्यांनी आळीपाळीनं खांद्यांना चोळली. पेप्कानं थोडी पोटातही चोळली. अख्ख्या तळघराला खानावळीचा वास.

बसल्यावर मला बरं वाटलं. यांको असता तर म्हणाला असता, ब्रँडी फुकट घालवली.

२० मार्च, रविवार

आज मी मिरानला जिंकलं.

गाडी दुरुस्तीला टाकलीय म्हणून तो चर्चहून माझ्याबरोबर चालत आला. सूर्य होता, बर्फ वितळून गटारं वाहत होती. मी त्याला बापाच्या गोष्टी सांगत होते. ते खाटकाचं घर, ते भावांचं. पुलाच्या चढावर थांबून त्याला खालचा कारखाना दाखवला, जिथं यांकोनं एकतीस वर्षं स्क्रू पाडले. आता तिथं नुसती भिंत आहे. पुढे पेप्काच्या जुन्या घरापाशी थांबले, मग नाक्यावर.

तो म्हणाला, “आई, तू सारखी थांबतेस.”

“तुला सांगायला थांबतेय. चालता चालता सांगायच्या गोष्टी आहेत का या?”

“बाबाही थांबायचे.”

“हो ना. त्याच्याकडूनच तर शिकले.”

तो काही वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, “बरं. ती तुझी ब्लीचची चाचणी. मी करतो. पण तू आधी करायची.”

“मी कशाला? माझं काय बिघडलंय?”

“मग घाबरतेस कशाला? तू पहिली, मी दुसरा. मान्य असेल तर बघ.”

मी लगेच हात पुढे केला, त्याला मागे फिरायला वेळच दिला नाही. सुईच टोचायची तर टोचू दे. मला काही होत नाही, माझ्या आईकडच्या बायका नव्वदीच्या पुढं जातात. इतका हट्टी मुलगा, आणि किती सहज जाळ्यात आला. एकतीस तारखेची वेळ त्यानं स्वतः फोन करून घेतली. मला वाटलं होतं, ते पण मलाच करावं लागेल.

२५ मार्च, शुक्रवार

दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी फोटो काढला, ठोकून बघितलं, थंड हवा मारली. म्हणाले, दात शाबूत आहे.

“कधी दुखतो?”

“बर्फ उपसताना. जिना चढताना. परवा पीठ ताणताना.”

“आणि बसून राहिल्यावर?”

“थांबतो.”

त्यांनी हातमोजे काढले आणि मला म्हणाले, हे दाताचं नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा. सापडलं नाही की पुढच्याकडे पाठवायचं, ही यांची पद्धत. मी म्हटलं, एकतीसला जातेच आहे. ते म्हणाले, त्याआधी जा. मी मान हलवली.

तळघरात आज उपवासाच्या शुक्रवारचं माशांचं जेवण होतं. मी ताटं वाढली. जिन्यात दोनदा टेकले. पेप्का म्हणाली, “काय गं, जिना मोजतेस का?”

३१ मार्च, गुरुवार

हे रुग्णालयातून लिहितेय. मला ठेवून घेतलं.

डॉक्टर हॅलोरन म्हणून बाई आहेत, मिरानच्या वयाच्या. बोलायला मोकळ्या. रक्त काढून झाल्यावर विचारलं, “मिसेस झुपान, तब्येत कशी असते?”

“चाललंय.”

“चालताना धाप लागते?”

“नाही.”

मिरान कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. “लागते,” तो म्हणाला. “दर चार घरांनी थांबते. पुलावर तीनदा. आणि मला गोष्टी सांगते.”

“मिरान.”

“बाबाही असेच थांबायचे. शेवटच्या वर्षी.”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मग दात, खांदा, घाम, सगळं एकेक करून माझ्याकडून काढून घेतलं. मी म्हटलं, खांदा पिठाचा आहे, तो दरवर्षी सगळ्यांचाच धरतो. त्यांनी पिठाचं सगळं समजून घेतलं, मग म्हणाल्या, “बाकीच्यांचा खांदा बसल्यावर दोन मिनिटांत बरा होतो का?”

मी विचार केला. पेप्काचा आठवडाभर राहतो.

हलत्या पट्ट्यावर चालवलं आणि लगेच बंदही केलं. रक्ताचा निकाल संध्याकाळी आला, तो विकर वाढलेला होता. मी म्हटलं, म्हणजे लेख खरा होता. त्या म्हणाल्या, “लेख बरोबर आहे, पण हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. तो हिरड्यांच्या सुजेनंही वाढतो. आणि कमी आला म्हणून सगळं ठीक असंही नाही. तुम्ही जे सांगितलंत ते जास्त महत्त्वाचं. उद्या आत नळी घालून बघू.”

मी काहीच सांगितलं नव्हतं. मिराननं सांगितलं.

३ एप्रिल, रविवार

मनगटातून बारीक नळी घालून हृदयापर्यंत नेली. मी जागी होते. पडद्यावर माझ्या वाहिन्या दिसत होत्या, हिवाळ्यातल्या झाडासारख्या. एका मोठ्या फांदीला मध्येच कंबरेसारखी आवळलेली जागा होती. आणखी खाली दुसरी. डॉक्टर म्हणाल्या, इथं दोन जाळीच्या नळ्या बसवून रस्ता मोकळा करता येईल, तुमची परवानगी आहे ना.

खरं ते लिहिते. मला क्षणभर वाटलं, राहू दे. चार वर्षं एकटीनं सूप करतेय. यांको ज्या वाटेनं गेला ती वाट समोर पडद्यावर दिसतेय, तर अडवायची कशाला? टेबलावर पडल्या पडल्या फार शांत वाटलं.

मग आठवलं, मिरानची पाळी अजून बाकी आहे. मी मध्येच निसटले तर त्यालाही सूट मिळेल. मी हो म्हटलं.

नळी उघडताना काही क्षण दुखलं. तेच दुखणं. जबड्यात, खांद्यात, दंडात, सगळं एका ओळीत. दात नव्हे, पीठ नव्हे. आणि तेव्हा मला यांकोचा शरद कळला. तो मला खाटकाच्या घराची गोष्ट सांगायला थांबत नव्हता. त्याला श्वास हवा होता. अबोला धरलेल्या भावांची गोष्ट, लसणाची गोष्ट, सगळ्या दम लागायच्या जागी. पट्टा बोचत नव्हता. मी गादी शिवून दिली आणि त्यानं ती घेतली, चाललंय म्हणाला.

दोन दिवस हेच डोक्यात आहे. आधी राग आला. इतकं बोलत होतास, तर तेवढंच एक बोलायचं होतंस. मग वाटलं, श्वास घ्यायला थांबायचंच होतं तर तो गटाराकडे बघतही थांबला असता. माझ्यासाठी त्यानं प्रत्येक वेळी एक घर शोधलं. गोष्टी खोट्या नव्हत्या. त्या तीन महिन्यांतलं एकही घर मी परत देणार नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

घरी येऊन आठवडा झाला. गोळ्यांचा डबा यांकोच्या टूलबॉक्सएवढा. पुलावर न थांबता गेले. चुकल्यासारखं वाटलं, म्हणून वर जाऊन थांबले.

पेप्का सूप घेऊन आली. माझ्यापेक्षा पातळ करते.

“सगळं तळघर बिघडवलंस तू,” बसल्या बसल्या म्हणाली. “आता कुणाचाही खांदा दुखला की सगळ्या पीठ सोडून तिच्याकडे बघतात. काल निम्मी पोतित्सा आक्रसली.”

“बघू दे.”

“अँजेलाला तिच्या सुनेनं डॉक्टरकडे ओढत नेलं. मीही गेले.”

“मग?”

“अँजेलाचा नुसता पिठाचा निघाला. माझाही.” ती थोडी हिरमुसल्यासारखी वाटली. “रक्तदाब मात्र वाढलाय म्हणे. म्हटलं, श्टेफकाबरोबर साठ वर्षं काढा, तुमचाही वाढेल.”

मग तिनं माझ्या मनगटावरचा डाग बघितला. बराच वेळ धरून ठेवला हात. “त्या दिवशी तुला म्हटलं नसतं, सोन्याचा खांदा वगैरे,” असं काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, सूप आळणी आहे. तिला बरं वाटलं.

मिराननं अजून चाचणी केलेली नाही. विचारलं की छप्पर सांगतो. वसंतात सगळ्यांचीच छपरं गळतात म्हणे.

२३ एप्रिल, शनिवार

ईस्टरच्या टोपल्यांना चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन आलो. हॅम, रंगवलेली अंडी, पोतित्साचा तुकडा आणि ह्रेनचं मूळ. ह्रेन म्हणजे मुळ्यासारखं पांढरं मूळ, पण मोहरीच्या दसपट झणझणीत. ते घरात किसलं तर कोणी जेवायला बसू शकत नाही, म्हणून मागच्या अंगणात बसून किसायचं. यांकोचं काम होतं. आता मिरान करतो. मी शेजारी अंडी सोलत बसले. मला किसणी धरू देत नाही, मनगट बरं झालंय तरी.

डोळे पुसत पुसत म्हणाला, “गेलो होतो मंगळवारी. तुझ्या त्या बाईंकडे.”

“सांगितलं नाहीस.”

“आता सांगतोय. तुझं ते ब्लीच व्यवस्थित आहे. कोलेस्टेरॉलही. सिगरेट सोडा म्हणाल्या.”

मला इतकं हलकं वाटलं की हातातलं अंडं तसंच राहिलं. फेब्रुवारीपासून याच एका वाक्याची वाट बघत होते. म्हटलं, या मुळातही त्या विकराचा चुलतभाऊ असतो, प्रयोगशाळेत रंग दाखवायला तोच वापरतात, मी वाचलंय. मिरान म्हणाला, “मग एवढ्या लांब कशाला पाठवलंस? इथंच किसलं असतं.”

शेजारच्या अंगणात कोणी गवताचं यंत्र सुरू करायच्या प्रयत्नात होतं. मिराननं किसणी दुसऱ्या हातात घेतली.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आई, तुला फार दुखलं का गं?”

उत्तर तोंडात तयार होतं. आयुष्यभर तेच एक दिलंय. ते गिळलं.

“हो,” मी म्हटलं. “दुखलं. चाकूसारखं नाही, म्हणून कळत नाही. आतून कोणीतरी दाबत नेल्यासारखं. छातीवर, मग जबड्यात. थांबलं की जातं, म्हणून वाटतं काही नव्हतंच. आणि मला भीती वाटली. टेबलावर पडले होते तेव्हा फार वाटली.”

तो ऐकत होता. किसणी हातात, हात थांबलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ह्रेन किसताना ते सगळ्यांच्याच वाहतं.

“त्या बाईंनी मला विचारलं होतं,” तो म्हणाला. “शिडी चढताना काही होतं का म्हणून.”

“तू काय सांगितलंस?”

“चाललंय म्हटलं.”

मी अंडं टोपलीत ठेवलं. आकडा चांगला आल्याचं ते हलकेपण कुठच्या कुठे गेलं होतं, पण मी उठले नाही, ओरडलेही नाही. खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“केव्हापासून?”

त्यानं किसणी गवतावर ठेवली, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि सांगायला लागला.